राखीव पाणथळीचा लोकशिक्षण कार्यक्रम: वर्षभर जाऊन आल्यावरचा रिव्ह्यू

नऊ रविवारच्या फेऱ्या, तीन गावबैठका, एक पक्षीगणना आणि जलपर्णी काढायचे तीन दिवस, एवढं सगळं करून झाल्यावर हा रिव्ह्यू लिहितेय, त्यामुळे लांब होणार आहे. एका संरक्षित पाणथळीचा लोकांसाठीचा शिक्षण कार्यक्रम आहे हा. महिन्यातून एकदा निसर्गफेरी, शाळांच्या भेटी, हद्दीलगतच्या गावांत बैठका, एक माहिती केंद्र आणि स्वयंसेवकांची कामं, असं सगळं मिळून. जागेचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये, कारण खाली तक्रारी पण आहेत, त्या मी तिथे लेखी दिल्यात आणि त्यांना सुधारायला वेळ मिळायला हवा. शिवाय असे कार्यक्रम आता बऱ्याच अभयारण्यांत असतात आणि साचा साधारण तोच असतो, तेव्हा तुम्ही कुठेही जाणार असाल तरी काय बघायचं आणि काय विचारायचं हे यातून कळावं.

पाचपैकी चार देतेय. फेरीला आणि गावबैठकांना पूर्ण पाच, माहिती केंद्राला दोन सुद्धा कसेबसे, बाकी मधलं.

फेरीपासून सुरू करते कारण बहुतेक लोक तेवढ्यासाठीच जातात. पहाटे गेटवर जमायचं, पंधराच्या वर माणसं घेत नाहीत आणि हे ते खरंच पाळतात, आमच्या समोर एका मोठ्या ग्रुपला नम्रपणे पुढच्या महिन्याची तारीख दिली. दुर्बिणी तिथे मिळतात पण पहिली वीस मिनिटं देतच नाहीत. बांधावर बसायचं, मोबाईल बंद आणि फक्त ऐकायचं. मला पहिल्या वेळी वाटलं वेळ चाललाय, पण पंधराव्या मिनिटाला माझ्या मुलीने (वय दहा) हळूच बोटं दाखवली, पाच, म्हणजे तिला पाच वेगवेगळे आवाज वेगळे काढता आले होते आणि मला दोनच. त्यानंतर दुर्बीण हातात आली तेव्हा ती नुसती इकडेतिकडे फिरवत बसली नाही, जिथून आवाज येत होता तिथेच लावली. हे ज्याने कोणी ठरवलंय त्याला मुलं कळतात.

फेरीला दोन गाईड असतात. एक ताई जीवशास्त्र शिकलेल्या, आणि दुसरे एक काका, जवळच्याच गावचे, आधी याच पाण्यात मासेमारी करायचे. ही जोडी म्हणजे या कार्यक्रमाची सगळ्यात चांगली गोष्ट आहे. ताई सांगतात शेकाट्याचे पाय एवढे लांब का, चोच एवढी बारीक का, आणि काका सांगतात की तो उभा आहे तिथे पाणी गुडघ्याच्या खाली आहे आणि खाली चिखल कसा आहे, कारण ते त्या जागी स्वतः उभे राहिलेत. पक्ष्याच्या पायावरून पाण्याची खोली वाचायची हे मला चाळिशीत पहिल्यांदा कळलं. नंतर आम्ही मायलेकी तेच करत बसलो, तुतारी दिसली की पाणी घोट्याएवढं, चांदवा पोहतोय म्हणजे तिथे खोल.

टिटवीची गोष्ट सांगायलाच हवी. एका फेरीत काका एकदम थांबले आणि सगळ्यांना मागे सरकायला लावलं, टिटवी डोक्यावर ओरडत घिरट्या घालत होती. तिची अंडी उघड्यावर असतात, नीट घरटं असं नसतंच, खड्यांमध्ये थोडासा खळगा आणि त्यात साधारण चार अंडी, रंग असा की दोन पावलांवरून सुद्धा दगडच वाटतात. आम्हाला अंडी दाखवली नाहीत. एकाने आग्रह केला फोटोसाठी, काका म्हणाले, "दादा, आपण इथे उभे आहोत तोपर्यंत ती खाली बसणार नाही, आणि ऊन चढतंय." एवढंच. अंडी उन्हात तापली की आतलं पिल्लू मरतं आणि टिटवी त्यावर बसते ती नुसती उबेसाठी नाही, सावलीसाठी पण, हे ताईंनी नंतर पुढे चालत चालत सांगितलं. तो माणूसही गप्प झाला आणि सगळ्यात आधी मागे वळला. मोकाट कुत्री पाणथळीत नको आणि पाळीव कुत्रं बांधून आणा हा नियम गेटवर लिहिलेला होता, मी तो वर्षानुवर्षं वाचलाय, पण तो का आहे हे मला त्या खड्यांकडे बघताना कळलं.

लपून बघायची जी खोली आहे पाण्याच्या कडेला, तिथे ताईंनी एकदा लांब पल्ल्याच्या पक्ष्यांबद्दल सांगितलं. २०२२ मध्ये अलास्कातून निघालेला एक गॉडविट (लांब चोचीचा, चिखलात खाणारा पक्षी), जेमतेम पाच महिन्यांचं पिल्लू, कुठेही न उतरता टास्मानियापर्यंत गेला, १३,५६० किलोमीटर, अकरा दिवस, अंगावर छोटा ट्रान्समीटर होता म्हणून कळलं. निघायच्या आधी हे पक्षी खाऊन खाऊन भरपूर चरबी साठवतात आणि आतली पचनाची इंद्रियं चक्क आक्रसतात, वजन वाचवायला. सगळे आ वासून ऐकत होते. मग त्यांनी समोरच्या चिखलातल्या थव्याकडे बोट केलं आणि म्हणाल्या, हे पण तेच करतायत, पुढच्या प्रवासाचं इंधन भरतायत, आपण बांधावर मोठ्याने बोललो आणि हा थवा एकदा उडाला तर सकाळभर खाल्लेल्यातलं थोडं जळून गेलं. त्यानंतर परतीच्या वाटेवर पंधरा माणसं जी दबक्या पावलांनी चालली ना, ते बघण्यासारखं होतं. मला विचाराल तर लोकशिक्षण म्हणजे हे, माहिती दिली आणि ती थेट आपल्या पायात उतरली.

आता माहिती केंद्र. वाईट वाटतं लिहायला कारण इमारत छान आहे, उजेड छान आहे, पैसा नक्कीच बराच लागलाय. पण आत भिंतभर फलक, प्रत्येकावर शंभर दीडशे शब्द, अक्षर बारीक, आणि उंची मोठ्या माणसाची. माझी मुलगी टाचा उंचावून दोन फलक वाचली आणि बाहेर निघाली. टचस्क्रीन नऊपैकी सहा वेळा बंद होता. पक्ष्यांची नावं पुस्तकी, गावात ज्याला जे म्हणतात ते कुठेही नाही, म्हणजे बाहेरून आलेल्याला नवीन आणि इथल्या माणसाला परकं, दोघांचाही उपयोग नाही. आणि शेवटच्या भिंतीवर करू नका, करू नका, करू नका अशी यादी. कुठल्याही "नका" पुढे कारण नाही. पक्ष्यांना पाव टाकू नका असं लिहिलंय, पण सडलेल्या पावाने पाणी खराब होतं आणि पिल्लांना पोटभर मिळूनही नीट पोषण मिळत नाही हे एक वाक्य लिहिलं असतं तर लहान मुलाने पण ऐकलं असतं.

त्या केंद्रातली एकच गोष्ट मला आवडली आणि ती बहुतेक सगळ्यात स्वस्त असणार. दाराजवळ एक फळा आहे, त्यावर त्या दिवशी कोणाला काय दिसलं ते खडूने लिहायचं. एकदा तिथे लहान मुलाच्या अक्षरात "साप पाण्यात पोहत होता. मी घाबरलो नाही" असं लिहिलं होतं आणि खाली कोणीतरी मोठ्या माणसाने लिहिलं होतं, "दिवड असेल. बिनविषारी." त्या फळ्यासमोर लोक उभे राहून एकमेकांशी बोलतात. बाकी फलकांसमोर कोणी उभं राहिलेलं मी पाहिलं नाही.

शाळांच्या भेटींबद्दल मुलीकडून जे कळलं ते. तिच्या शाळेची भेट एकदाच झाली, बस, रांग, फिल्म, चित्रकला स्पर्धा, शेवटी निसर्गरक्षणाची प्रतिज्ञा आणि परत बस. तिला विचारलं काय आवडलं तर म्हणाली बसमध्ये मजा आली. तिची काही चूक नाही, मुलांना पाण्याजवळ नेलंच नव्हतं, सुरक्षेचं कारण सांगून. त्याच वर्षी हद्दीलगतच्या एका छोट्या शाळेसोबत मात्र त्यांनी वेगळा प्रयोग केला होता, प्रत्येक गटाला एक मीटर बाय एक मीटरचा चौकोन दोरीने आखून दिला आणि वर्षात पाच वेळा त्याच चौकोनात काय काय आहे ते मोजायचं. ती वही मी पाहिली, एका मुलीने पहिल्या वेळी "गवत, मुंग्या" एवढंच लिहिलंय आणि पाचव्या वेळी दोन पानं भरलीत, गवताचे चार प्रकार, कोळ्याचं जाळं कुठल्या बाजूला, गोगलगायीचं रिकामं कवच, मागच्या वेळचं रोप आता किती बोटं वाढलंय. तीच जागा परत परत बघितल्याशिवाय बदल दिसत नाही आणि बदल दिसल्याशिवाय मुलाला तिथली काळजी कशी वाटणार. माझी कळकळीची विनंती आहे या लोकांना, वीस शाळा एकेकदा आणण्यापेक्षा चार शाळा पाच पाच वेळा आणा. वार्षिक अहवालात आकडा लहान दिसेल, दिसू दे.

गावबैठकांना बाहेरच्या लोकांनी यायची अट नाही, पण कोणीही येऊन बसू शकतं, मी काकांच्या ओळखीने गेले. पहिली बैठक ऐकवत नव्हती. टेबलामागे अधिकारी, समोर सतरंजीवर गाव, प्रोजेक्टरवर जैवविविधतेची स्लाईड, आणि दहाव्या मिनिटाला मागून एक आजोबा उठून म्हणाले की आमच्या म्हशी पाण्यावर जाऊ देत नाही, रानडुकरं मात्र शेतात येतात त्यांना कोण अडवतं. त्यावर उत्तर काय मिळालं तर स्लाईड संपू द्या, मग प्रश्न घेऊ. अर्धी माणसं स्लाईड संपायच्या आत उठून गेली.

हे ऐकताना मला भरतपूर आठवत होतं. केवलादेव राष्ट्रीय उद्यान, १९८२ मध्ये तिथे गुरं चारायला बंदी आली, गावकऱ्यांचा आणि पोलिसांचा संघर्ष झाला, गोळीबारात माणसं गेली. आणि पुढे बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या अनेक वर्षांच्या अभ्यासातून दिसलं की म्हशी चरत होत्या तेव्हा पाण्यातलं गवत आटोक्यात राहत होतं, चराई थांबल्यावर ते माजलं आणि मोकळं पाणी कमी झालं, म्हणजे ज्या पक्ष्यांसाठी बंदी घातली त्यातल्या काहींचंच नुकसान. चराई सगळीकडे चांगलीच असं मी म्हणत नाहीये, जागेजागेवर असतं ते. पण तिथल्या गुराख्यांना आधी कोणी विचारलं असतं तर? आणि त्याच भरतपुरात नंतर सायकल रिक्षावाल्यांना पक्षी ओळखायचं प्रशिक्षण दिलं, आज तिथे जाणारा माणूस रिक्षात बसतो आणि रिक्षावालाच त्याला करकोचा कुठे आणि घुबड कुठल्या झाडावर ते दाखवतो. एकाच उद्यानाच्या या दोन गोष्टी आहेत, शेजारच्या माणसाला बाहेर ठेवलं तेव्हा काय झालं आणि आत घेतलं तेव्हा काय झालं.

तर आमच्याकडची दुसरी बैठक मी जवळजवळ टाळलीच होती, बरं झालं गेले. मधल्या काळात कोणीतरी विचार केला असणार, टेबल गायब, सगळे गोल बसलेले, प्रोजेक्टर नाही. नव्याने आलेल्या अधिकारी बाईंनी वही उघडली आणि मागच्या वेळी कोणी काय तक्रार केली होती ती एकेक वाचून दाखवली आणि प्रत्येकीपुढे काय झालं ते सांगितलं, हे झालं, हे होणार नाही आणि का होणार नाही, हे वर पाठवलंय उत्तर आलेलं नाही. "होणार नाही" हे सुद्धा तोंडावर सांगितल्यावर लोकांनी ऐकून घेतलं, चिडले नाहीत असं नाही पण उठून गेले नाहीत. वेळही बदलली होती, आधीची वेळ अशी होती की बायकांना येणं शक्यच नव्हतं आणि पाणकणीस (पाण्यात वाढणारं उंच, गवतासारखं झाड) कापायला पाण्यात उतरतात त्या तर बहुतेक बायकाच.

त्या बैठकीत एक मावशी बोलल्या. पाणकणीस कापायची परवानगी ठरावीक महिन्यांची असते आणि ती तारीख कागदावर ठरलेली. मावशी म्हणाल्या, तारखेला आम्ही विळा लावतो तेव्हा आत जांभळ्या पाणकोंबडीची घरटी असतात, आम्ही बाजू सोडून कापतो पण सगळ्याच सोडत नाहीत, तुम्ही तारीख थोडी पुढे घ्या आणि कडेचा पट्टा कापायचाच नाही असं ठरवा, आम्हीच बघू. गोलातले सगळे जण दोन क्षण गप्प. जीवशास्त्रवाल्या ताई घाईघाईने लिहून घेत होत्या, त्यांचा चेहरा मला अजून आठवतो, किती आनंद झाला होता त्यांना. तिसऱ्या बैठकीत कळलं की तारीख पुढे गेली आणि कुठला पट्टा सोडायचा ते मावशी आणि त्यांच्या सोबतिणींनी स्वतः पाण्यात उतरून काठ्या रोवून आखलं. रामसर करार म्हणजे पाणथळी वाचवायचा आंतरराष्ट्रीय करार, त्याच्या लोकांनी १९९९ मध्ये पाणथळींसाठी शिक्षण आणि जनजागृतीचा वेगळा कार्यक्रम सुरू केला आणि पुढे त्यात लोकसहभाग हा शब्दही आला. कागदावर असे शब्द वाचून काही समजत नाही, त्या रोवलेल्या काठ्या बघितल्यावर समजतं.

माझ्या भावाने विचारलं होतं, एवढं शिकवून खरंच काही फरक पडतो का, लोक ऐकतात आणि घरी जाऊन विसरतात. मी त्याला नागालँडचं सांगितलं. २०१२ च्या शरदात तिथे दोयांग जलाशयाजवळ अमूर ससाणे जाळ्यांत पकडून हजारोंनी मारले जात होते, त्याचे फोटो आणि व्हिडिओ जगभर गेले. दुसऱ्याच वर्षी, २०१३ मध्ये, पांगती आणि आसपासच्या गावांनी शिकार पूर्ण थांबवली. कायदा होता, सरकारचा दबाव होता, पण गावसभांचे निर्णय होते, चर्चची माणसं बोलली, मुलांचे इको क्लब सुरू झाले, आणि त्याच नोव्हेंबरात तीन ससाण्यांना उपग्रह ट्रान्समीटर लावले तेव्हा त्यांची नावं ठेवली नागा, पांगती आणि वोखा. आपल्या गावाच्या नावाचा पक्षी समुद्र ओलांडून आफ्रिकेत जातोय हे ज्या मुलाला कळलं तो जाळं कसं लावेल? आसामात पूर्णिमा देवी बर्मन यांनी हरगिला या मोठ्या करकोच्यासाठी केलेलं कामही असंच. घरटी लोकांच्या परसातल्या झाडांवर, खाली घाण आणि वास, म्हणून मालक झाडंच तोडायचे. त्यांनी गावातल्या बायकांना सोबत घेतलं, हरगिलाची नक्षी मागावरच्या कापडात आली, अंडी उबवायच्या दिवसांत पक्षिणीचं डोहाळेजेवण केलं, आणि ज्याला अपशकुनी म्हणत होते तो गावाचा झाला. २०२२ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने त्यांना चॅम्पियन्स ऑफ द अर्थ हा सन्मान दिला. भाऊ पुढच्या महिन्यात आमच्यासोबत फेरीला आला.

स्वयंसेवकांची कामं. जलपर्णी काढणं हे मुख्य काम, आणि ते कष्टाचं आहे हे आधी समजून जा. मूळची दक्षिण अमेरिकेतली वनस्पती, जांभळी फुलं सुंदर दिसतात म्हणून जगभर नेली आणि आता पाणी झाकून टाकते, खाली उजेड नाही, पाण्यात ऑक्सिजन कमी. अनुकूल परिस्थितीत दोनेक आठवड्यांत दुप्पट होते, म्हणून एक दिवस काढून फोटो काढून घरी गेलो तर काही होत नाही. इथे माझी सगळ्यात मोठी तक्रार आहे. पहिल्या दिवशी आम्ही तीसेक जणांनी तीन तास उपसून काठावर ढीग लावले, ढीग उचलायला वाहन येणार होतं ते आलंच नाही, आणि पुढच्या वेळी गेलो तर निम्मा ढीग सरकून पुन्हा पाण्यात आणि उरलेला काठावर सडत होता. हातमोजे पण पुरेसे नव्हते. मी स्पष्ट लिहून दिलं की लोकांचे हात मागताय तर त्या हातांनी केलेलं काम वाया जाऊ देऊ नका, पुढच्या वेळी ती माणसं येणार नाहीत. आणि तसंच झालं, दुसऱ्या दिवशी आम्ही बाराच होतो. तिसऱ्या वेळी वाहन आधीच येऊन उभं होतं, हे पण सांगायला हवं.

दुसरं काम तुटलेली जाळी आणि मासेमारीची तंगूस दोरी गोळा करण्याचं. मला हे काम जास्त आवडलं कारण ते मासेमारांसोबतच ठरलंय, काठावर तीन ठिकाणी पेट्या ठेवल्यात आणि ते स्वतः तुटलेले तुकडे त्यात टाकतात. पक्ष्याच्या पायाला ती दोरी गुंडाळली की पाय सडतो, काकांनी एक वाळलेला पाय ठेवलाय दोरीसकट, बोलत काहीच नाहीत, पेटी दाखवताना तो हातात देतात. इंग्लंडात हंस मासेमारीची शिशाची वजनं गिळून विषबाधेने मरत होते, तिथे १९८७ पासून तशा वजनांवर बंदी आली आणि हंसांचे मृत्यू कमी झाले, म्हणजे एवढीशी वस्तू बदलून सुद्धा फरक पडतो, फक्त ती वापरणाऱ्याला पर्याय मिळायला हवा.

पक्षीगणना जानेवारीत. पाणपक्ष्यांची ही जानेवारीतली मोजणी जगात १९६७ पासून आणि आशियात १९८७ पासून चालू आहे, त्यातलाच आपला एक तुकडा. आदल्या दिवशी दोन तास प्रशिक्षण देतात, ते चुकवू नका. थवा कसा मोजायचा तर आधी दहा पक्षी नीट मोजायचे, ते दहा किती जागा घेतात हे डोळ्यात धरायचं आणि मग तेवढे तेवढे घास करत पुढे जायचं. मला वाटलं होतं हे अंदाजपंचे असेल पण तीन जणांनी वेगवेगळं मोजून आकडे जुळवतात, फार फरक आला तर परत मोजतात. माझी मुलगी नोंद ठेवायला होती, चार तास थंडीत, एकदाही घरी जाऊया म्हणाली नाही कारण तिच्या हातातला कागद खरा होता. आणि सगळ्यात महत्त्वाचं, सात आठ आठवड्यांनी सगळ्या भाग घेतलेल्यांना निकाल आला, कुठल्या जातीचे किती, मागच्या वर्षांशी तुलना, कुठे घट आणि त्याची शक्य कारणं. घट लपवली नव्हती. तो कागद तिच्या कपाटाच्या दारावर चिकटवलेला आहे.

बाकी त्रुटी भरभर सांगते. नोंदणी फक्त ऑनलाईन, त्यामुळे हद्दीलगतच्या गावातली माणसं फेरीला जवळपास नसतातच, नऊ फेऱ्यांत मला एकच कुटुंब भेटलं, त्यांना कोणी तरी मोबाईलवर भरून दिलं होतं. ज्यांच्या दारात हे पाणी आहे त्यांच्यासाठी दर फेरीत चार जागा राखून ठेवायला काय हरकत आहे. व्हीलचेअर लपणघरापर्यंत जात नाही, शेवटचे वीस पंचवीस मीटर खडबडीत आहेत, तेवढ्यासाठी माझ्या सासूबाईंना कधीच नेता आलं नाही आणि त्यांना आवाजावरून पक्षी माझ्यापेक्षा जास्त ओळखता येतात. संध्याकाळी गेटवरचे दिवे फार प्रखर आहेत, रात्री प्रवास करणारे पक्षी उजेडाने भरकटतात हे फेरीत आम्हाला शिकवणाऱ्यांनी आपल्याच गेटवर खाली झाकण केलेले मंद दिवे लावायला हवेत.

आणि एक मोठी गोष्ट, जीवशास्त्रवाल्या ताईंचं कंत्राट वर्षाच्या मध्येच संपलं. प्रकल्पाचा निधी संपला की माणूस जातो. त्यांनी गावागावात ओळखी केल्या होत्या, कुठल्या मावशीला काय माहिती आहे, कुठल्या शाळेतले सर मनापासून करतात, कोण कशावरून दुखावलंय, हे सगळं त्यांच्या डोक्यात, आणि ते कुठेही लिहून ठेवायची व्यवस्था नव्हती. त्यांच्या जागी आलेला मुलगा हुशार आणि मेहनती आहे पण दोन महिने तो फक्त ओळखी करत होता. बैठकीतली ती वही जशी अधिकारी बाईंनी ठेवली तशी एक वही या कामाचीही हवी, आणि खरं तर या पदाला कायमचा पगार हवा. इमारतीला पैसे मिळतात, तीन वर्षं तोच माणूस त्याच गावात जात राहावा यासाठी मिळत नाहीत, आणि माझ्या मते या पूर्ण कार्यक्रमाचं यश त्यावरच आहे.

कोणी जावं तर आठ वर्षांच्या वरची मुलं असतील तर नक्की, त्याहून लहान मुलांना वीस मिनिटं शांत बसणं जड जातं, त्यांच्यासाठी काठावरचा छोटा रस्ता आहे तो वेगळा फिरा. कपडे मातकट रंगाचे, बूट चिखल चालेल असे, पाणी घरून न्या, वही पेन्सिल न्याच. फोटोसाठीच जाणार असाल तर फेरीला जाऊ नका, वेगळ्या वेळेला जा, गटाला थांबून राहावं लागतं. आणि एक फेरी करून मत बनवू नका, निदान तीन वेगवेगळ्या ऋतूंत जा, पहिल्यांदा गेलो तेव्हा आम्हाला जेमतेम अकरा जाती दिसल्या होत्या, आठव्या वेळी बेचाळीस, पाणी तेच होतं.

जमलं तर गावबैठकीची तारीख विचारून घ्या, वेबसाईटवर ती टाकत नाहीत, गेटवर काकांना विचारलं की सांगतात. पुढच्या बैठकीत गावातल्या मुलांनाच गाईड म्हणून तयार करायचा विषय आहे आणि मावशींना शिकवायला बोलावलंय. आम्ही दोघी जाणार आहोत, मुलीने तिच्या वहीत आधीच दोन प्रश्न लिहून ठेवलेत, पहिला, पाणकोंबडी घरट्यासाठी पाणकणीस कसं निवडते, आणि दुसरा, मावशींना ते पहिल्यांदा कोणी दाखवलं.